भ-ची चीर

आत्याचा मान माझा, म्हणून नाव मी ठेवायचं.
आणि मी रंगारीण: नाव म्हटलं की
आधी त्याची रुंदी बघते.

अनगोळच्या मागच्या गल्लीत दुकान.
बाबांच्या पश्चात शटर मीच उघडते.
वर कानडी, मोठं; खाली मराठी, मापपट्टी लावून.
मराठीत सगळ्या अक्षरांना मिळून एक दोरी,
वाळत घातलेल्या कपड्यांसारखी;
कानडीत ज्याची टोपी त्याच्या डोक्यावर.
वीस वर्षं दोन्ही एकाच डब्यातल्या रंगानं लिहिते.

परशा मोबाईलवरची यादी वाचतो.
रिआंश, विहान, अद्वैक.
म्हटलं, असलं मी रिक्षाच्या मागं लिहिते की रे,
दीडशे रुपयात, चांदणीसकट.
तो रुसला.

नीलांबिका बैलहोंगलची. तिच्या तोंडात
नावं बंदच होत नाहीत.
मी म्हणते केशव, कडी लावून.
ती म्हणते केशवा, आणि दार उघडं राहतं,
आतलं अंगण दिसतं, दोरीवरचं लुगडं दिसतं.
ज्ञानेश म्हणावं तर तिचा ज्ञ वेगळा, माझा वेगळा.
पोरानं कुठल्या हाकेला ओ द्यायची?

रात्री एका जुन्या पत्र्यावर लिहून बघितलं.
केशव कानडीत देखणा, मराठीत अंग चोरून बसलेला.
हर्षवर्धनला पत्रा पुरला नाही.
टर्पेंटाईननं पुसत गेले, पुसत गेले,
तर कोपऱ्यात, जुन्या थराखालून,
बोटभर सही निघाली. वर कानडी, खाली मराठी:
भरमा पेंटर.

कानडी भ म्हणजे ब-च. फक्त
पोटाखाली एक उभी चीर,
तांदळाच्या दाण्याएवढी.
ती द्यायला कुठल्याच कारकुनाला सवड झाली नाही.
रेशनकार्डावर बाबा बरमा,
मतदार यादीत बर्मा, देश असल्यासारखे,
आणि एका दाखल्यावर चक्क ब्रह्मा, चार तोंडांचे.
"असू दे की गं. हाक मारली की मी वळतोय न्हवं?"
पण दुसऱ्यांच्या पाट्यांवर
ती चीर सगळ्यात शेवटी द्यायचे,
श्वास धरून.

सकाळी पत्रा नीलापुढं ठेवला.
वाटलं, जुनाट म्हणेल.
तिनं बोट फिरवलं, वरच्या ओळीवरून, मग खालच्या.
"भरमा," म्हणाली.
मीही म्हणून बघितलं.
या नावाला माझ्याकडंही कडी नाही.
"आमच्या ऊरात पण गुडी हाय भरमप्पाचं," ती म्हणाली,
आणि पोराला दुसऱ्या अंगाला घेतलं.

परशा म्हणाला, शाळेत चिडवतील.
फॉर्मवर त्यानं विहान लिहिलं. लिहू दे.
दवाखान्याच्या चिठ्ठीवर तर अजून
बेबी ऑफ नीलांबिका एवढंच आहे,
आणि तेवढ्यावर तो मजेत दूध पितोय.

बारशाला बैलहोंगलहून टेम्पोभर माणसं आली.
घुगऱ्यांची परात, करदंटाचे डबे,
एक बाई तर कोंबडी घेऊन, का ते कळलं नाही.
नटवलेला वरवंटा पाळण्याखालून गेला, वरून आला.
मी वाकले. पाठीत धपके बसले, चांगले सणसणीत,
कानडी हात कुठला, मराठी कुठला, काय कळणार.
कुर्रर्र केलं आणि सांगितलं.
कोपऱ्यातली म्हातारी विचारत राहिली,
येन हेसर इट्री? येन हेसर?
दोघींनी तिला दोन नावं सांगितली.

मग काजळाची डबी आली.
तीट गोल लावतात.
मी करंगळी टेकवली, श्वास धरला,
आणि हनुवटीखाली ओढली, उभी,
तांदळाच्या दाण्याएवढी.

बायका हसल्या, आत्याला तीट पण लावता येईना.
नीला हसली नाही.
वाचत होती.